नाव ठेवण्याची घाई

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' हे दोन वाक्प्रचार उच्चाराने एकमेकांच्या इतके जवळ आहेत की, ऐकणाऱ्याची गफलत व्हावी. पहिला बारशाच्या पाळण्याशी जोडलेला, दुसरा गावच्या पारावरील कुजबुजीशी. काही मुलांच्या वाट्याला मात्र हे दोन्ही एकाच वेळी येतात. बाळ जन्मले की खोलीबाहेर ताटकळलेले नातलग पहिला प्रश्न विचारतात तो, 'मुलगा की मुलगी?' बाळ सुखरूप आहे ना, आई बरी आहे ना, हे प्रश्न त्यानंतरचे. क्वचित असे घडते की, डॉक्टरांना या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येत नाही. बाळाच्या देहाची घडणच अशी असते की, नुसत्या डोळ्यांनी काही ठरत नाही. दुसऱ्या एका प्रसंगी उत्तर जन्मतःच स्पष्ट दिलेले असते. परंतु बारा-तेरा वर्षांचे झाल्यावर तेच मूल भीतभीत सांगते की, तुम्ही मला जे समजता ते मी नाही.

हे दोन प्रसंग एक नव्हेत. पहिल्यात देह संदिग्ध आहे, दुसऱ्यात मन अस्वस्थ आहे. त्यांची सरमिसळ केल्याने दोन्हींवर अन्याय होतो. तरीही दोहोंच्या मुळाशी एकच नैतिक प्रश्न उभा आहे. जे मूल स्वतःविषयी निर्णय घेण्यास अजून समर्थ नाही, त्याच्या देहाबाबत कधीही न पुसला जाणारा निर्णय कोणी घ्यावा? आईवडिलांनी, डॉक्टरांनी, सरकारने, की त्या मुलाने? आणि घ्यायचा तो केव्हा?

सातारा-सांगलीकडील वाचकाला हा प्रश्न लंडन-न्यूयॉर्कचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः मुलाच्या लिंगावर मोठ्यांनी आपल्या इच्छा-अनिच्छा कोरण्याची रीत आपल्या मातीत जुनीच आहे. सातारा जिल्ह्यात कित्येक घरांत मुलीमागून मुलगी झाली की तिचे नाव 'नकोशी' वा 'नकुसा' ठेवीत. असे नाव ठेवले म्हणजे पुढचे अपत्य मुलगा होतो, ही त्यामागची समजूत. त्या नावाने ती मुलगी शाळेच्या हजेरीपटावर चढायची आणि 'हजर' म्हणताना दररोज आपण नको असल्याची ग्वाही द्यायची. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना शोधून काढले आणि जाहीर समारंभात त्यांना नवी नावे दिली. कित्येक मुलींनी आपले नवे नाव स्वतः निवडले. शासकीय धोरण कसे असावे याचा तो एक सुंदर धडा होता. मोठ्यांनी घाईघाईने लादलेली खूण शासनाने पुसली आणि पाटी मुलीच्या हाती दिली.

नाव पुसता आले. पण प्रत्येक खूण इतक्या सहज पुसता येत नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या भाविकांत पिढ्यान् पिढ्या एक प्रथा होती. मुलाच्या डोक्यात केसांचा गुंता होऊन जट आली की देवीचे बोलावणे आले असे मानायचे आणि त्या मुलाला देवीच्या नावाने सोडायचे. मुलगी असेल तर ती जोगतीण झाली. मुलगा असेल तर त्याला साडी नेसवून, कपाळाला भंडारा लावून जोगता केले. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीने त्या जोगत्याचे जिणे मराठी वाचकांसमोर आणले. या प्रथेविरुद्ध १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९८२ मध्ये कर्नाटकात आणि २००५ मध्ये महाराष्ट्रात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगाव जाऊन जटा सोडविण्याचे कार्य केले; पौष्टिक आहाराइतकीच कंगव्याची आणि तेलाचीही गरज असते, हे लोकांना पटविले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. जोगत्यांमध्ये काही जण असे होते की, ज्यांचा स्वभावच मुळात बायकी म्हणून हिणवला गेला होता आणि ज्यांना घराने वा गावाने दुसरी जागाच दिली नव्हती. त्यांना त्या साडीत एक आसरा मिळाला. परंतु ज्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या केसांत नुसता गुंता झाला होता, त्याला कोणी विचारले होते? दोघांनाही एकच वस्त्र नेसविले गेले, कारण प्रथेला मुलाचे ऐकून घ्यायचे नव्हते. प्रथेला उत्तर हवे होते आणि तेही तातडीने.

'मुलगा की मुलगी' या प्रश्नाची ही उतावीळ याच परिसरात किती क्रूर होऊ शकते, हेही आपण पाहिले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले. कायदा होता, पण त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनासारखे असावे ही हाव कायद्याहून जुनी होती.

या साऱ्यातून एक पायरीवार क्रम नजरेस येतो. नाव बदलता येते. जट सोडविता येते, साडी उतरविता येते. गेलेले बालपण मात्र परत येत नाही. औषधाचे काही परिणाम थांबतात, काही राहतात. शस्त्राने जे कापले ते कापलेच. या पायऱ्या चढताना नीतीचा नियम असा असावा, असे मला वाटते: कृती जितकी अपरिवर्तनीय, तितके तिच्यामागचे कारण बळकट हवे, आणि ते कारण त्या मुलाच्या हिताचे हवे, आपल्या अस्वस्थतेचे नव्हे.

हा नियम प्रथम नवजात बालकांना लावून पाहू. लिंगाची घडण संदिग्ध असलेल्या, म्हणजेच आंतरलिंगी, बालकांच्या अनेक अवस्था वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. त्यांतील एक प्रमुख म्हणजे कॉन्जेनिटल ॲड्रीनल हायपरप्लेशिया. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या ॲड्रीनल ग्रंथी काही आवश्यक संप्रेरके पुरेशी तयार करू शकत नाहीत आणि त्याऐवजी पुरुषी संप्रेरके अधिक प्रमाणात निर्माण होतात. साधारणपणे दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळतो. गर्भ मुलीचा असेल तर तिचे बाह्य अवयव मुलासारखे दिसू लागतात. या विकाराच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ वाहून जाते. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ ओकू लागते, सुकते आणि निदान न झाल्यास दगावते. योग्य संप्रेरकाची औषधे वेळेवर सुरू झाली तर तेच मूल चांगले वाढते. येथे विलंब म्हणजे पाप. रक्ताची तपासणी आणि औषध यांत एक दिवसही दवडता कामा नये.

परंतु त्याच बाळाच्या बाबतीत दुसरा निर्णयही पुष्कळदा त्याच घाईने घेतला जात असे: अवयव 'नीट' दिसावेत यासाठी करावयाची शस्त्रक्रिया. ती प्राण वाचविण्यासाठी नसते. ती असते पाहणाऱ्यांसाठी; न्हाऊ घालणाऱ्या आजीसाठी, शेजारणीच्या नजरेसाठी. तिच्यापायी संवेदना नष्ट होऊ शकते, व्रण राहतात, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय अंदाज चुकण्याचा धोका आहेच. एका विशिष्ट अवस्थेत, शरीरातील एका किण्वाच्या अभावामुळे, मुलगा असलेले बालक जन्मतः मुलीसारखे दिसते आणि वयात येताना त्याचा आवाज फुटतो, स्नायू भरतात, देह पुरुषाचा होतो. डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्यातील अशा कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळण्यातच ज्याचे अवयव कापून 'मुलगी' ठरविले, त्याने पंधराव्या वर्षी कोणाकडे दाद मागावी?

कॅनडातील डेव्हिड रायमर यांची हकीकत या बाबतीत विसरता येणार नाही. १९६५ मध्ये जन्मलेल्या या मुलाच्या सुंतेच्या वेळी अपघात झाला व त्याचे इंद्रिय निकामी झाले. जॉन मनी या त्या काळातील ख्यातनाम तज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याला मुलगी म्हणून वाढविण्यात आले. लहानपणापासून संस्कार केले की मन त्याप्रमाणे घडते, असा मनी यांचा सिद्धांत होता. मन घडले नाही. चौदाव्या वर्षी सत्य कळताच त्याने मुलगा म्हणून जगण्यास आरंभ केला. २००४ मध्ये त्याने आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. या घटनेचा आधार आज दोन्ही पक्ष घेतात. एक म्हणतो, पाहा, देहाचे सत्य टाळता येत नाही. दुसरा म्हणतो, पाहा, आतल्या ओळखीवर बाहेरून नाव लादता येत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे; परंतु मला त्यात तिसरीच गोष्ट अधिक ठळक दिसते. आईवडील प्रेमळ होते, डॉक्टर विद्वान होते, आणि त्या सर्वांनी मिळून जो निर्णय केला त्यात मुलाला बोलता येत नव्हते.

भारतीय न्यायालयांनी या मुक्या पक्षकाराची दखल घेतली आहे. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने असे म्हटले की, आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे. आणि आंतरलिंगी अर्भकांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास मनाई करावी असा आदेश शासनाला दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू शासनाने, जिवावर बेतलेले प्रसंग वगळून, तशी बंदी घातली. असे पाऊल उचलणारे ते देशातील पहिले राज्य. ऑगस्ट २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे वर सांगितलेल्याच विकाराने जन्मलेल्या सात वर्षांच्या बालकाचे आईवडील आले. शस्त्रक्रियेस परवानगी द्यावी ही त्यांची विनंती. न्यायालयाने परवानगी नाकारली, तज्ज्ञांच्या समितीने बालकाची तपासणी करावी असे सांगितले आणि शासनाने मार्गदर्शक नियम करेपर्यंत केवळ जीव वाचविण्यासाठी आवश्यक असेल तरच अशी शस्त्रक्रिया व्हावी, असे बजावले. त्या आईवडिलांना कोणी दुष्ट ठरविले नाही. त्यांची भीती खरी होती. पण आपली भीती मुलाच्या देहावर कायमची लिहिण्याचा अधिकार प्रेमातूनही मिळत नाही.

शलमोन राजाच्या न्यायनिवाड्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका मुलावर दोघी हक्क सांगतात आणि राजा तलवार मागवितो. आई कोण, हे कशावरून ठरले? जिने 'कापू नका' म्हटले तिच्यावरून. आपला हक्क सोडावा लागला तरी चालेल, मूल अखंड राहू दे, असे म्हणण्याची तिची तयारी होती. पालकत्वाची याहून मोठी कसोटी मला ठाऊक नाही.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. कारण खरा वाद तेथे आहे. देहात कोणताही दोष नसताना एखाद्या किशोरवयीन मुलाला वा मुलीला आपल्या लिंगाविषयी तीव्र, टिकून राहणारी अस्वस्थता वाटते. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधील डॉक्टरांनी अशा काही मुलांना यौवनारंभ थोपविणारी औषधे देण्यास प्रारंभ केला. ही औषधे मूळची अकाली वयात येणाऱ्या बालकांसाठी होती. पुढे संप्रेरके आणि प्रौढपणी शस्त्रक्रिया, असा तो क्रम होता. तो अनेक देशांत पसरला आणि मग त्याविषयी शंका उपस्थित होऊ लागल्या. फिनलंडने २०२० मध्ये व स्वीडनने २०२२ मध्ये मानसिक आधाराला प्राधान्य देऊन औषधांवर मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या अहवालाने एप्रिल २०२४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, या उपचारांच्या लाभहानीचा पुरावा फार तोकडा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने अठरा वर्षांखालील मुलांना या कारणासाठी यौवनारंभ थोपविणारी औषधे नव्याने देण्यावर अनिश्चित काळासाठी बंदी घातली. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२३ मध्ये केलेला मनाईचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मात्र २०१८ पासून असे उपचार उपलब्ध असावेत अशीच भूमिका घेतली.

भारताच्या २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना वैद्यकीय साहाय्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. अल्पवयीन मुलाच्या ओळखपत्रासाठी आईवडिलांनी वा पालकांनी अर्ज करावा असे म्हटले. आणि केवळ तृतीयपंथी आहे म्हणून कोणत्याही बालकाला, न्यायालयाच्या आदेशावाचून, आईवडिलांपासून तोडता येणार नाही, अशी तरतूद केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा व्यक्तींना 'बदलण्यासाठी' केले जाणारे तथाकथित उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणजे धमकावून, उपाशी ठेवून, झटके देऊन मन वळविण्याचा मार्ग बंद झाला. तो बंद व्हायलाच हवा होता.

तर मग अल्पवयीन मुलाला औषधे द्यावीत की न द्यावीत? वर सांगितलेला नियम येथेही लागू होतो, आणि तो एका पक्षाच्या सोयीपुरता वापरता येत नाही. आंतरलिंगी अर्भकावर घाईने शस्त्र चालवू नये असे जो म्हणतो, त्याने तेरा वर्षांच्या मुलाच्या प्रजननक्षमतेवर, हाडांच्या घनतेवर, आवाजावर परिणाम करू शकणाऱ्या उपचारांविषयीही तितकेच सावध असले पाहिजे. आणि जो दुसऱ्या ठिकाणी सावधगिरीचा आग्रह धरतो, त्याने पाळण्यातील बाळाच्या बाबतीत 'एकदाचे उरकून टाका' असे म्हणू नये.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा की, थांबणे ही काही तटस्थ कृती नव्हे. निसर्ग थांबत नाही. मुलाचा आवाज फुटतो, मुलीचा देह भरतो, आणि हे बदलही पुसता येत नाहीत. ज्या मुलाला त्या बदलांची भयानक धास्ती वाटते, त्याला 'अठरा वर्षांचा होईपर्यंत थांब' असे सांगणे म्हणजे पाण्यात बुडणाऱ्याला उद्या ये म्हणण्यासारखे आहे. हा आक्षेप खोटा नाही. त्या मुलाच्या वेदना खऱ्या आहेत आणि त्यांपैकी काही जण जिवावर उदार होतात, हेही खरे आहे.

माझे उत्तर असे आहे की, थांबणे आणि सोडून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचा व्यवहार काही शिकवू शकेल. बारा वर्षांची एखादी मुलगी म्हणते, मला धर्मभगिनी व्हायचे आहे. ख्रिस्तसभा तिला हसत नाही. तिच्या मनातील पाचारण खरे असू शकते, हे ती मान्य करते. तिच्यासाठी प्रार्थना करते, तिला मार्गदर्शक देते. तथापि धर्मनियमांनुसार सतरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज तिला नवदीक्षित म्हणून प्रवेश नाही आणि एकविसाव्या वर्षापूर्वी आजन्म व्रते नाहीत. धर्मगुरूच्या दीक्षेसाठी तर पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मुलाचे म्हणणे ऐकणे आणि त्यावर शिक्का मारणे यांत ख्रिस्तसभेने शतकानुशतके अंतर ठेवले आहे. ते अंतर अविश्वासाचे नाही. उद्या तेच मूल आपल्या निर्णयाकडे मागे वळून पाहील, तेव्हा तो निर्णय त्याचा स्वतःचा असावा, यासाठी ते राखलेले आहे. कोणी म्हणेल, आपण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतोच की, त्याला न विचारता. देतो, पण त्याने देहातील काही काढून घेतले जात नाही, आणि वाढत्या वयात दृढीकरणाच्या वेळी त्याला स्वतःच्या मुखाने बोलावे लागते.

एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेविषयी 'डिग्निटास इन्फिनिटा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. देह ही मानवाला मिळालेली देणगी आहे आणि लिंगबदलाच्या हस्तक्षेपाने सामान्यतः त्या देणगीच्या प्रतिष्ठेला धोका पोहोचतो, अशी भूमिका त्यात आहे. मात्र जननेंद्रियांत जन्मतः दिसणारा वा पुढे उद्भवणारा दोष असेल, तर ती व्यक्ती त्याच्या निराकरणासाठी वैद्यकीय साहाय्य निवडू शकते, असेही तेथे स्पष्ट केले आहे. निवडणारी 'ती व्यक्ती' आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच दस्तऐवजात लैंगिक कलावरून कोणालाही तुरुंगात टाकणे वा त्याचा छळ करणे हे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचे म्हटले आहे. यांतील पहिली गोष्ट आपण व्यासपीठावरून ऐकतो. शेवटची पुष्कळदा ऐकू येत नाही.

म्हणूनच शासनाच्या धोरणाची कसोटी केवळ काय बंद केले यावर होऊ नये. कॅस अहवालाने औषधांविषयी सावधगिरी सांगितली, तशीच वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळणाऱ्या मुलांच्या हालअपेष्टांवरही बोट ठेवले. जे सरकार औषध नाकारते आणि समुपदेशकही देत नाही, त्याने धोरण केले असे म्हणता येत नाही; त्याने पाठ फिरविली. आपल्याकडे साधन अगदीच नाही असे नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयातील छिद्र यांची नोंद त्यात होते. परंतु ज्या नऊ जन्मजात दोषांवर या कार्यक्रमाची आखणी झाली, त्यांत लिंगाच्या घडणीतील संदिग्धतेचे नाव नव्हते. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून कृष्णाकाठची माणसे उपचारासाठी मिरजेची वाट धरीत आली आहेत. जत, माण, खटावच्या दुष्काळी पट्ट्यातील एखादी माता असे बाळ पदराखाली लपवून तेथे वा कराडला पोहोचलीच, तर तिच्यासाठी तीन गोष्टी निश्चित असाव्यात. जीव वाचविणारी तपासणी व औषध विनाविलंब आणि विनामूल्य मिळावे. केवळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया मूल स्वतः बोलण्याजोगे होईपर्यंत करू नये. आणि घरच्यांना धीर देणारे जाणते माणूस पहिल्या दिवसापासून सोबत असावे. वयात येणाऱ्या अस्वस्थ मुलासाठी यांतील तिसरी गोष्ट सर्वांत आधी हवी, आणि ती नुसत्या एका भेटीपुरती नको.

उरलेले काम शासनाचे नाही, आपले आहे. घराने ज्याला बाहेर काढले त्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहण्याची चैन परवडत नाही. ते मूल रेल्वेस्थानक गाठते. तेथून जेथे त्याला भाकरी आणि नाव मिळते तेथे जाते. तृतीयपंथीयांच्या डेऱ्यांनी अशा कित्येकांना पोटाशी धरले, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु अशा बेवारस स्थितीत काही मुलांवर कोणत्याही डॉक्टरविना, अडाणी हातांनी शस्त्र चालते, हे सत्यही झाकता येत नाही. कायद्याने तो गंभीर गुन्हा आहे. त्या गुन्ह्याची सुरुवात मात्र त्या सुरीपासून होत नाही. ती आपल्या उंबऱ्यापासून होते. मूल घरात राहिले, तरच त्याला थांबणे शक्य आहे. ज्या बापाने सावधगिरीच्या नावाखाली उपचार नाकारले आणि अब्रूच्या नावाखाली दारही बंद केले, त्याने मुलाला उतावळ्या निर्णयापासून वाचविले नाही, तर त्याच्याकडे ढकलले.

ही मुले कोठून तरी दूरवरून येत नाहीत. २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका तृतीयपंथी उमेदवाराने पोलीस भरतीच्या अर्जात आपल्यासाठी रकाना नाही म्हणून दाद मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि राज्य शासनाला अर्जात तिसरा पर्याय द्यावा लागला. हा उमेदवार कधीकाळी याच जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या बाकावर बसत असेल. शेजारच्या बाकावर आपल्यापैकीच कोणी असेल. त्या वयात आपण त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे आपणच आठवून पाहावे.

आपल्या धर्मग्रामात अशा मुलाचे आईवडील असतील तर ते मिस्सेनंतर थांबत नाहीत; लवकर निघून जातात. त्यांना सिद्धांत ठाऊक असतो. त्यांना हवी असते ती एखादी ओळखीची व्यक्ती, जी विचारील, 'पोरगं कसं आहे? घरी घेऊन या एकदा.' एवढे विचारण्यासाठी वैद्यकशास्त्र लागत नाही आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला त्यामुळे बाधही येत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू मातेच्या उदरापासूनच वेगळ्या जन्मलेल्यांचा उल्लेख करतो, तो उपहासाने नव्हे. यशया संदेष्ट्याने तर ज्यांना मंडळीत स्थान नव्हते, अशा षंढांना देवाच्या मंदिरात पुत्र आणि कन्या यांहूनही श्रेष्ठ असे नाव मिळण्याचे वचन सांगितले आहे. ते नाव देवाने राखून ठेवले आहे. ते काय असेल, हे त्या मुलाच्या आधी आपल्याला कळण्याचे कारण नाही. तोवर त्याचे पान वाढलेले असावे, त्याची शाळा सुटू नये, आणि दार आतून लावलेले नसावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.